युरिया जातो कुठे

वडीगोद्री आणि आसपासच्या गावांत खताचा विषय निघाला की बोलणं उसापासून सुरू होतं. मग कापूस, मोसंबी, सोयाबीन. ज्वारी, बाजरी, गहू यांची पाळी शेवटी येते, तीही आलीच तर. ही पुस्तिका मात्र तृणधान्यांच्या खतावर आहे. ज्या पिकांत फारसा पैसा नाही त्यांच्यावर एवढा कागद कशाला, असं ती हातात घेणारा शेतकरी विचारेल आणि त्याचं विचारणं रास्त आहे.

घरात शिजतं ते धान्य याच पिकांचं आणि गोठ्यात पडतो तो कडबाही याच पिकांचा, हे एक उत्तर. दुसरं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. उसाला किती डोस पडले, मोसंबीच्या बहाराला काय दिलं, हे शेतकरी तारखेसकट सांगतो, कारण तिथे त्याचा पैसा अडकलेला असतो. गव्हाचं विचारलं तर ‘टाकल्या दोन गोण्या’ एवढ्यावर विषय संपतो. कुठलं खत, कधी, पेरून की फोकून, पाण्याआधी की पाण्यानंतर, यातलं काही लक्षात राहत नाही. हिशेब नसतो तिथेच गळती सर्वांत जास्त होते. आणि नत्राची गळती शिवार सोडून फार लांब जात नाही. ती विहिरीत उतरते, ओढ्याला लागते, गोदावरीला मिळते, नाहीतर हवेत जाते. किती गोण्या टाकल्या यापेक्षा त्या केव्हा आणि मातीत किती खोल गेल्या यावर पीक आणि पाणी दोन्ही अवलंबून आहेत, हे सांगण्यासाठी ही पुस्तिका आहे.

आधी जमीन पाहू. वडीगोद्री जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, छत्रपती संभाजीनगर–बीड हमरस्त्यावर आहे; इथूनच अंबडमार्गे जालन्याचा रस्ता फुटतो. दक्षिणेला शहागडजवळ गोदावरी लागते आणि पूल ओलांडला की बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका. जायकवाडीची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, 1976 मध्ये धरणाचं उद्घाटन झालं, आणि पैठणहून निघालेला डावा कालवा याच पट्ट्यातून पुढे परभणीकडे गेला. कालव्यानं ऊस आणला, अंकुशनगरचा समर्थ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पण सगळं शिवार पाटाखाली आलं नाही. त्यामुळे इथे एकाच गावात दोन प्रकारची शेती नांदते: पाटाच्या आणि विहिरीच्या पाण्यावरचा गहू, आणि पावसाच्या ओलीवर निघणारी रब्बी ज्वारी नि खरिपातली बाजरी. खताच्या बाबतीत या दोन शेतींना एकच सल्ला देणं ही पहिली चूक, आणि ती आजवर सर्रास होत आली आहे.

माती दोन्हीकडे बहुतेक काळी. चुनखडी भरपूर, सामू आठच्या आसपास किंवा वर, सेंद्रिय कर्ब कमी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. या चारही गोष्टी युरियाच्या नशिबाशी जोडलेल्या आहेत.

डिसेंबरातला एक दिवस धरा. गव्हाला पहिलं पाणी देऊन तीन-चार दिवस झालेत, रान वाफशावर येतंय, आणि कमरेला झोळी बांधून गडी युरिया फोकतोय. पांढरे दाणे ओलसर मातीवर पडतात आणि दुपारपर्यंत दिसेनासे होतात. खत जमिनीत मुरलं, असं बघणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात दाणा वरच्या पातळ थरातच विरघळलेला असतो. मातीत युरिएज नावाचं विकर असतं. ते दोन-चार दिवसांत युरियाचं अमोनियम कार्बोनेट करतं. त्यामुळे दाण्याभोवतीचा सामू, जो आधीच चढा आहे, आणखी चढतो. अशा अल्कधर्मी मातीत अमोनियमचा अमोनिया वायू होतो आणि वर उन्हानं माती सुकत असेल तर तो सरळ निघून जातो. ओल्या पण सुकत जाणाऱ्या, चुनखडीच्या मातीवर उघडा पडलेला युरिया सर्वांत जास्त उडतो; दिलेल्या नत्राचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त असा जाऊ शकतो. तोच युरिया पाण्याच्या आधी टाकला असता आणि मागोमाग हलकं पाणी दिलं असतं, तर तो चार बोटं खाली उतरला असता आणि तिथून त्याला उडता आलं नसतं. खर्च तेवढाच, मजुरीही तेवढीच. फरक फक्त आधी काय आणि नंतर काय एवढाच आहे.

जे उडत नाही त्याचं पुढे काय होतं तेही पाहायला हवं. अमोनियमला काळ्या मातीचे चिकणकण धरून ठेवतात. पण मातीतले जिवाणू काही आठवड्यांत त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेटला माती धरत नाही. पिकाच्या मुळांनी ते वेळेत उचललं तर ठीक. नाहीतर भरपूर सोडलेल्या पाण्याबरोबर ते मुळांच्या खाली निघून जातं आणि भेगाळलेल्या जमिनीत त्याला वाट सोपी असते. रान तुंबलं तर तिसरीच गोष्ट घडते. हवा न मिळालेले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि त्यातला काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन वर जातो. हा वायू 100 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट उष्णता अडवतो. 45 किलोच्या युरियाच्या गोणीत 20.7 किलो नत्र असतं. त्यातला 1 टक्का जरी या रूपात गेला, तरी तो सुमारे 90 किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा होतो. कोरडवाहू रानात हे प्रमाण कमी असतं, पाण्यानं तुंबणाऱ्या रानात वाढतं.

1999 मध्ये विल्यम राऊन आणि गॉर्डन जॉन्सन या अमेरिकी कृषिशास्त्रज्ञांनी जगभरच्या तृणधान्यांचा ताळा मांडला, तेव्हा दिलेल्या नत्रापैकी 33 टक्केच धान्यात आढळलं. म्हणजे एका गोणीतलं सात किलोच्या आसपास नत्र दाण्यात गेलं. उरलेलं सगळं वाया गेलं असं म्हणता येत नाही. काही काडात जातं, काही मातीत राहतं. पण मोठा वाटा हातातून निघून जातो हे खरं, आणि आपल्यासारख्या चुनखडीच्या, वरून फोकण्याची सवय असलेल्या भागात परिस्थिती याहून चांगली असेल असं मानायला मला आधार दिसत नाही.

खाली गेलेलं नत्र कुठे सापडतं हे आता सरकारी कागदावरच आलं आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या भूजल गुणवत्ता अहवालात देशातले जे जिल्हे नायट्रेटनं सर्वाधिक बाधित म्हणून पुढे आले, त्यांत महाराष्ट्रातले वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ आहेत. बीड म्हणजे शहागडच्या पुलापलीकडचा जिल्हा आणि नांदेड याच गोदावरीच्या खालच्या अंगाला. जालन्याचं नाव त्या यादीत नाही म्हणून निश्चिंत राहावं असं काही नाही. जमीन तीच, पिकं तीच, सवयी त्याच. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमच्या वर नायट्रेट असू नये असं भारतीय मानक सांगतं. त्यापुढे गेलेल्या पाण्यात पावडरचं दूध कालवून पाजलं, तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते आणि अंग निळसर पडू लागतं. नायट्रेट फक्त खतातून येत नाही हेही सांगायला हवं. गावाला लागून असलेले उकिरडे, शोषखड्डे आणि उघडी गटारं यांचा वाटा गावठाणाजवळच्या विहिरींत मोठा असतो. पण शिवारातल्या, वस्तीपासून लांबच्या विहिरीत ते सापडलं, तर बोट शेताकडेच दाखवावं लागेल.

एवढं वाचून कोणी खतालाच गुन्हेगार ठरवू नये. मराठवाड्यातल्या ज्या पिढीनं 1972 चा दुष्काळ पाहिला, तिला रेशनवरची मिलो ज्वारी आठवते आणि खडी फोडण्याची कामं आठवतात. त्याआधी 1964 मध्ये सीएसएच-1 हे पहिलं संकरित ज्वारीचं वाण आलं होतं. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना संकरित ज्वारी गावोगावी पोहोचली, 1972 मध्येच परभणीला कृषी विद्यापीठ सुरू झालं, आणि ‘हायब्रिड’ हा शब्द ज्वारीचंच दुसरं नाव होऊन बसला. त्या वाणांची ताकद खताशिवाय दिसली नसती. आज जगातल्या जवळपास निम्म्या माणसांच्या ताटातलं अन्न कारखान्यात बांधलेल्या नत्रावर उभं आहे. श्रीलंकेनं एप्रिल 2021 मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. भाताचं उत्पादन कोसळलं आणि नोव्हेंबरात तो निर्णय मागे घ्यावा लागला. त्या वाटेनं जाण्याचा सल्ला ही पुस्तिका देत नाही.

मग शेतकरी युरिया इतका का टाकतो? पुष्कळ लेखांत याचं उत्तर ‘अज्ञान’ असं दिलेलं असतं. मला ते अन्यायाचं वाटतं. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, म्हणजे नत्राचा किलो जेमतेम 13 रुपयांना पडतो. डीएपीची 50 किलोची गोणी 1350 रुपयांची. तिच्यातल्या 9 किलो नत्राची किंमत याच दरानं वजा केली, तर 23 किलो स्फुरद उरतं आणि त्याचा किलो 50 रुपयांच्या वर जातो. 2010 मध्ये अन्नद्रव्यावर आधारित अनुदान आलं, पण युरिया त्यातून बाहेर ठेवला गेला. इतर खतं महागली आणि युरिया होता तिथेच राहिला. चौथ्या हिश्श्याच्या किमतीत मिळणारी, आठ दिवसांत शेत हिरवंगार करणारी वस्तू माणूस जास्त वापरणार, यात त्याची चूक कसली? त्यात हंगामाच्या ऐन भरात युरियाची टंचाई होते आणि ‘हा हवा असेल तर सोबत हेही न्या’ असं दुकानात ऐकावं लागतं. मिळाला तेव्हा घेऊन ठेवायचा आणि घेतला म्हणून टाकायचा, हा व्यवहार त्यातून तयार झाला. किमतीचं हे वाकडं गणित दिल्लीनं सरळ करायला हवं आणि ते केल्याशिवाय नुसत्या शिबिरांनी फार फरक पडणार नाही, असं माझं ठाम मत आहे. पण ते होईपर्यंत आपल्या रानातली गळती थांबवायला कोणाची वाट पाहण्याची गरज नाही.

महाराष्ट्रात याचं उत्तम उदाहरण आहे, आणि ते कोकणातल्या भाताचं आहे. डॉ. नारायण सावंत यांनी आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात युरिया चिखलात खोल खोचण्यावर काम केलं आणि पुढे आपल्याकडे ‘चारसूत्री भात लागवड’ मांडली. भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट, अशी ती चार सूत्रं. शेवटच्या सूत्राकडे नीट पाहा. युरिया आणि डीएपी 60 आणि 40 या प्रमाणात दाबून केलेली साधारण 2.7 ग्रॅमची गोळी. लावणी 15 आणि 25 सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरांवर. त्यामुळे चार चुडांचा एक चौकोन तयार होतो आणि त्या चौकोनाच्या मधोमध 7 ते 10 सेंटिमीटर खोल एक गोळी हातानं खोचायची. तिथे हवा नसते, म्हणून नत्र अमोनियमच्या रूपातच राहतं. ना उडतं, ना वाहून जातं. चारही चूड महिनोन्महिने त्याच गोळीवर जगतात. एरवी दोन-तीनदा फोकावं लागणारं खत एकदाच आणि कमी लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं याच धर्तीवर ‘कोकण अन्नपूर्णा’ ब्रिकेट आणल्या. त्यात कुठलाही नवा रेणू नव्हता, कुठलंही महागडं यंत्र नव्हतं. तेच युरिया, तेच डीएपी. बदलली ती जागा.

आपल्याकडे भात नाही, चिखल नाही, त्यामुळे गोळी जशीच्या तशी इथे चालणार नाही. पण तत्त्व तेच आहे आणि त्याचं अवजार आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे: दोन चाड्यांची पाभर. एका चाड्यात बी, दुसऱ्यात खत. बी ओलीला टेकतं आणि खत त्याच्या खाली नि थोडं बाजूला पडतं. आज तिची जागा ट्रॅक्टरच्या खत-बी पेरणी यंत्रानं घेतली असली तरी काम तेच.

रब्बी ज्वारीसाठी तर याला पर्यायच नाही, आणि इथेच सरधोपट सल्ला घात करतो. ‘नत्र हप्त्यानं द्या’ हे वाक्य प्रत्येक पत्रकात असतं. बागायती गव्हाला ते लागू आहे. कोरडवाहू रब्बी ज्वारीला ते लावलं तर नुकसान होतं. ही ज्वारी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरली जाते आणि पुढे बहुतेक वर्षी पाऊस पडतच नाही. पावसाळ्यात जमिनीनं जे पाणी धरलं त्यावर ती निसवते आणि भरते. वरचा थर महिनाभरात कोरडा पडतो. अशा कोरड्या मातीवर महिन्यानं फोकलेला युरिया मुळांपर्यंत पोहोचणार कसा? तो वर पडून राहतो, दहिवरात विरघळतो आणि उडतो. म्हणून या ज्वारीला लागणारं सगळं नत्र पेरणीबरोबरच, ओलीत, खोल द्यायचं. आणि बेतानं द्यायचं. मध्यम जमिनीत हेक्टरी 40 किलो नत्र आणि 20 किलो स्फुरद, भारी जमिनीत 60 आणि 30, अशा शिफारशी याच विचारातून आलेल्या आहेत. नत्र जास्त झालं की ताटं सुरुवातीला जोरात वाढतात, साठवलेली ओल लवकर पिऊन टाकतात आणि दाणा भरायच्या वेळी जमीन रिकामी असते. अशाच ताणात खडखड्या येतो. ताट आतून पोकळ होतं आणि कणसासकट आडवं पडतं. कोवळ्या ज्वारीतली विषारी किराळही जास्त नत्रावर आणि पाण्याच्या ताणावर वाढते, हे जनावरं असलेल्या घरानं विशेष लक्षात ठेवावं.

बाजरीचं तसं नाही. ती खरिपातली, पावसात वाढणारी. तिला अर्धं नत्र पेरताना आणि अर्धं पंचवीस-तीस दिवसांनी, जमिनीत ओल असताना, कोळपणीच्या आधी द्यावं, म्हणजे कोळप्यानं ते मातीआड होतं. भोकरदन–सिल्लोडकडे मका वाढला आहे आणि मक्याची भूक मोठी. त्याचं स्वतंत्र प्रकरण आत आहे.

आता गहू. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला राज्यात हेक्टरी 120 किलो नत्र, 60 किलो स्फुरद आणि 40 किलो पालाश ही शिफारस प्रचलित आहे. एकरी धरलं तर 48, 24 आणि 16. शेतकऱ्याला किलोच्या भाषेपेक्षा गोणीची भाषा जवळची, म्हणून तसं मांडतो. पेरणीबरोबर, पेरूनच, डीएपीची एक गोणी. तिच्यातून 9 किलो नत्र आणि 23 किलो स्फुरद मिळतं. त्याच वेळी युरिया 33 किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश 27 किलो. पेरणीनंतर एकविसाव्या दिवसाच्या सुमारास मुकुटमुळं फुटतात. ते पहिलं महत्त्वाचं पाणी, आणि त्याच्या आधी उरलेला 52 किलो युरिया. झालं. एकूण युरिया 85 किलो, म्हणजे दोन गोण्यांतूनही पाच किलो उरतो. यापुढे ओंबी दिसल्यावर ‘जरा पिवळा वाटतोय’ म्हणून टाकलेली तिसरी गोणी दाण्याच्या वजनात फारशी उतरत नाही. तिनं पीक लोळतं, मावा वाढतो आणि नत्र खाली जातं. स्फुरद वरून फोकणं तर निव्वळ वाया घालवणं आहे. स्फुरद जागचं हलत नाही आणि चुनखडी त्याला लगेच बांधून टाकते; मुळाजवळ पेरलं तरच ते लागू पडतं.

या आकड्यांना पवित्र मानू नये. ते सरासरी रानासाठी आहेत. एक क्विंटल गहू पिकवायला झाडाला साधारण अडीच किलो नत्र उचलावं लागतं. ज्याच्या रानात एकरी 10 क्विंटल गहू होतो आणि ज्याच्या रानात 18 होतो, त्यांची गरज सारखी कशी असेल? उसाच्या मागे गहू घेणाऱ्याच्या रानात आधीच्या डोसांचं काही शिल्लक असतं. हरभऱ्याच्या किंवा सोयाबीनच्या बेवडावर घेणाऱ्याचंही नत्र थोडं वाचतं. उलट जस्त आणि लोह आपल्या चुनखडीच्या जमिनींत वारंवार कमी पडतात. तिथे पानं पिवळी पडतात आणि उपाय म्हणून पुन्हा युरियाच टाकला जातो. ज्याची कमतरता आहे ते न देता दुसरंच वाढवत नेलं, तर वाढवलेलं वापरलं जात नाही.

हे अकोल्याला प्रत्यक्ष दिसलं आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात काळ्या जमिनीवर ज्वारी–गहू या फेरपालटाचा दीर्घकालीन खत प्रयोग 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. एकाच रानाचे तुकडे, प्रत्येकाला वर्षानुवर्षं ठरलेलं खत. नुसतं नत्र मिळत राहिलेले तुकडे मागे पडत गेले. नत्र, स्फुरद, पालाश आणि सोबत शेणखत मिळालेले तुकडे उत्पादनातही पुढे राहिले आणि त्यांच्या मातीतला कर्बही वाढला. शेणखत कुठून आणायचं, बैल गेले आणि गोठे ओस पडले, ही अडचण खरी आहे आणि तिला सोपं उत्तर माझ्याकडे नाही. बांधावरचं गिरिपुष्प, न जाळलेलं काड, ज्वारीत आणि बाजरीत तुरीच्या ओळी, बियाण्याला ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम चोळणं, यांनी ती काही अंशी भरून निघते, पूर्ण नाही.

बाटलीतल्या नॅनो युरियाबद्दल विचारणा फार होते, म्हणून दोन वाक्यं. सुरुवातीला बाजारात आलेल्या, 4 टक्के नत्राच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत 20 ग्रॅम नत्र असतं, गोणीत 20.7 किलो, या तफावतीचं समाधानकारक स्पष्टीकरण मला मिळालेलं नाही. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात दोन वर्षांच्या प्रयोगात नेहमीच्या नत्राचा काही हिस्सा अशा फवारणीवर सोडला, तेव्हा भात आणि गहू दोन्हींचं उत्पादन घटलं. म्हणून या पुस्तिकेत ती शिफारस नाही.

मला खरी आशा वाटते ती दुसऱ्या एका संशोधनात, आणि त्यात ज्वारी मध्यभागी आहे. ज्वारीची मुळं सॉर्गोलिओन नावाचं द्रव्य मातीत सोडतात आणि ते अमोनियमचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना आवर घालतं. निंबोळी तेलाचं वेष्टन देऊन (2015 पासून देशातल्या सगळ्या युरियाला ते सक्तीचं आहे) आपण युरियाकडून जे करवून घेतो, तेच काम ज्वारी स्वतः करते. जपानच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्रात जी. व्ही. सुब्बाराव आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षं यावर काम करत आहेत. 2021 मध्ये त्यांनी गव्हाच्या एका रानटी नातेवाइकातला हाच गुण लागवडीच्या गव्हात आणून दाखवला. मराठवाड्यातल्या जुन्या ज्वारीच्या वाणांत हा गुण कोणात किती आहे, हे आपल्याच विद्यापीठांनी शोधायला हवं. मालदांडीला आपण भाकरीच्या चवीसाठी जपलं. तिच्या मुळांकडेही आता पाहायला हवं.

हे सगळं लहान शेतकऱ्याला जमेल का, या शंकेला चीनमधून उत्तर आलं आहे. 2005 ते 2015 या काळात तिथे भात, गहू आणि मका घेणारे 2 कोटी 9 लाख शेतकरी एका मोहिमेत सामील झाले. त्यांचीही जमीन आपल्यासारखीच तुकड्या-तुकड्यांची. विद्यापीठातली माणसं गावात जाऊन राहिली आणि त्या त्या शिवारापुरतं खत ठरवून दिलं. उत्पादन सरासरी 11 टक्क्यांच्या आसपास वाढलं आणि नत्र 15 ते 18 टक्के कमी लागलं. आपल्याकडे मृदा आरोग्य पत्रिका 19 फेब्रुवारी 2015 ला सुरतगडहून सुरू झाली. पत्रिका घरोघरी पोहोचली. ती वाचून दाखवणारा माणूस पोहोचला नाही, ही आपली उणीव. जालन्याजवळ खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे आणि बदनापूरलाही आहे. ही दारं उघडी आहेत, ती वापरावीत.

माती तपासायची तर नमुना नीट हवा. पीक निघाल्यावर, नवं खत टाकण्याआधी, एकरात आठ-दहा ठिकाणी नागमोडी चालत इंग्रजी व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या बाजूचा बोटभर जाडीचा पापुद्रा वरपासून खालपर्यंत काढावा. बांध, झाड, विहीर, उकिरडा यांच्याजवळची माती नको. सगळी एकत्र करून सावलीत सुकवावी, ढीग चार भागांत वाटून समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावेत आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करावं. खताच्या रिकाम्या गोणीवर माती पसरली तर तपासणीत त्या गोणीतलंच खत दिसेल.

मातीबरोबर विहिरीचं पाणीही तपासावं, असा या पुस्तिकेचा आग्रह आहे, आणि तो केवळ आरोग्यासाठी नाही. समजा, विहिरीत लिटरला 45 मिलिग्रॅम नायट्रेट निघालं. त्यात नत्र सुमारे 10 मिलिग्रॅम असतं. गव्हाला सहा सेंटिमीटरचं एक पाणी दिलं, म्हणजे एकरात जवळपास 2 लाख 43 हजार लिटर पाणी गेलं आणि त्याबरोबर 2.4 किलो नत्र. अशी पाच पाणी झाली की 12 किलो, म्हणजे 26 किलो युरियाइतकं, अर्ध्या गोणीहून जास्त. हे नत्र कधी काळी याच शिवारात विकत आणून टाकलेलं होतं. ते पुन्हा पिकाला मिळतं आहे आणि तेवढा युरिया कमी करता येतो. कमी केला तर विहिरीत जाणारंही घटतं. पाण्यात नायट्रेट जास्त असेल तर वजावट मोठी होईल, कमी असेल तर लहान. आत तिचा तक्ता दिला आहे.

शेवटी एक कोरं पानही जोडलं आहे. तारीख, पीक, खत, किती, पेरून की फोकून, पाण्याआधी की नंतर, आणि एकरी उतारा, एवढेच रकाने. पहिल्या वर्षी हे सगळं अर्ध्या एकरावरच करावं आणि उरलेलं रान नेहमीसारखं ठेवावं, म्हणजे दोन्हींची तुलना आपल्याच बांधावर होईल. बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असते. मातीची पिशवी त्याआधी महिनाभर प्रयोगशाळेत गेली तर अहवाल वेळेत हाती येतो. पाण्याची बाटली त्याच फेरीत न्यावी, त्याच विहिरीच्या पाण्यानं दोनदा विसळून.